गाईच्या पोटाचे शास्त्र परळला आणणारे जॉन हेन्री स्टील

प्रभादेवी स्थानकातून पूर्वेकडे उतरून परळच्या दिशेने चालू लागावे आणि एखाद्या जुन्या रहिवाशाला ‘बैलघोडा हॉस्पिटल’ कुठे म्हणून विचारावे. तो लगेच हात करून वाट दाखवतो. पाटीवरचे नाव लांबलचक आहे : बाई साकरबाई दिनशा पेटिट जनावरांचे रुग्णालय. गिरणगावाने मात्र ते नाव सोपे करून टाकले. एकेकाळी बैल आणि घोडा या दोन जनावरांच्या जिवावर मुंबई चालत होती. त्यांचा दवाखाना तो ‘बैलघोडा’.

या लोकांनी ठेवलेल्या नावात बैल आधी आणि घोडा नंतर येतो. दवाखाना उभा राहिला तेव्हा पशुवैद्यकाच्या पुस्तकांत मात्र क्रम उलटा होता. घोडा सगळीकडे होता, गायबैलांना शेवटची पाने मिळत. तो क्रम बदलू पाहणाऱ्यांपैकी एक म्हणजे जॉन हेन्री स्टील. याच दवाखान्याला जोडून १८८६ साली सुरू झालेल्या मुंबईच्या पशुवैद्यक महाविद्यालयाचे ते पहिले प्राचार्य. जेमतेम पस्तीस-छत्तीस वर्षांचे आयुष्य त्यांना मिळाले. त्यातली शेवटची वर्षे परळमध्ये गेली.

घोड्याच्या शास्त्रातला बैल

स्टील यांचा जन्म १८५५चा. लंडनच्या रॉयल व्हेटरिनरी कॉलेजातून १८७५ साली ते पदवीधर झाले आणि पुढे त्याच संस्थेत शरीररचनाशास्त्र शिकवू लागले. वयाच्या एकविसाव्या वर्षी, म्हणजे १८७६ साली, त्यांचे पहिले पुस्तक आले. विषय अर्थातच घोड्याची शरीररचना.

‘अर्थातच’ म्हणायचे कारण आहे. युरोपातले पहिले पशुवैद्यक विद्यालय फ्रान्समधल्या लिऑन इथे अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात निघाले. ते काढणारे क्लोद बूर्जला हे मुळात घोडेस्वारीचे शिक्षक होते. लंडनचे कॉलेज १७९१ साली सुरू झाले, तिथेही कित्येक वर्षे शिक्षण घोड्याभोवतीच फिरत होते. घोडा सैन्याला लागत होता, बग्गीला लागत होता, श्रीमंतांच्या तबेल्यात होता. त्याच्यासाठी शिकलेला डॉक्टर बोलावणे परवडत असे. शेतकऱ्याची गाय आजारी पडली तर गावातला अनुभवी जाणकार यायचा. त्याचा हात सराईत असला तरी गाईच्या पोटात नेमके काय चालले आहे, हे त्यालाही दिसलेले नसायचे.

स्टील यांनी १८८१ साली गायबैलांच्या रोगांवर मोठा ग्रंथ प्रसिद्ध केला. तेव्हा ते सव्वीस वर्षांचे होते. घोड्यावर शिकलेल्या डॉक्टरला बैल समजावा, हा त्या पुस्तकाचा खटाटोप. शरीररचना शिकवणाऱ्या माणसाला एक गोष्ट पक्की ठाऊक होती : घोड्याच्या पोटदुखीचे ज्ञान गाईला लावून चालत नाही, कारण दोघांचे पोटच वेगळे आहे.

चार कप्प्यांची भानगड

घोड्याचे जठर एकच आणि तसे लहान असते. गाईच्या पोटाचे कप्पे चार. पहिले कोठीपोट. मोठ्या गाईच्या कोठीपोटात शंभर लिटरहून अधिक ऐवज मावतो आणि पोटाची जवळजवळ सगळी डावी बाजू ते व्यापते. त्याला लागून पुढे, छातीच्या पडद्याला टेकलेले जाळीपोट. आतून मधमाश्यांच्या पोळ्यासारखे. मग पुस्तकाच्या पानांसारख्या घड्यांचे पडदेपोट आणि शेवटी चौथे, म्हणजे खरे जठर. माणसाच्या जठरासारखा आम्लरस तिथेच पाझरतो.

कोठीपोट म्हणजे एक सतत चालणारी आंबवणीची टाकी. कोट्यवधी सूक्ष्मजीव गवताचा धागा फोडतात आणि त्यातून गाईला शक्ती मिळते. या कामात दिवसाला शेकडो लिटर वायू तयार होतो. गाय तो ढेकर देऊन बाहेर टाकते. ढेकर थांबला, तर गाय काही तासांत दगावू शकते.

पोटफुगी ती हीच. कधी घशाखाली आंब्याची कोय किंवा बटाटा अडकतो आणि वायूची वाट बंद होते. कधी ओला, कोवळा लसूणघास उपाशी पोटी भरपूर खाल्ला जातो आणि पोटात साबणाच्या फेसासारखा फेस होतो. डावी भकाळी फुगून वर येते, टिचकी मारली तर नगाऱ्यासारखी वाजते. फुगलेले पोट छातीचा पडदा पुढे रेटते, फुप्फुसांना पसरायला जागा उरत नाही आणि जनावर गुदमरून मरते.

यावरचा शस्त्राचा उपाय स्टील यांच्या आधीपासून चालत आला होता. शेवटची बरगडी आणि ढुंगणाचे हाड यांच्या मधोमध, डाव्या भकाळीत, ट्रोकार खुपसायचा. ट्रोकार म्हणजे नळीत बसवलेला टोकदार दाभण. दाभण काढून घेतला की नळीतून वायू फुसफुसत निघतो. १८७४ साली आलेल्या टॉमस हार्डी यांच्या ‘फार फ्रॉम द मॅडिंग क्राउड’ या कादंबरीत क्लोव्हरच्या शेतात शिरून फुगलेल्या मेंढ्या अशाच भोसकून वाचवल्या जातात. इंग्लंडच्या खेड्यात हा उपाय इतका माहितीचा होता.

पण ही जागा डाव्याच बाजूला का? वायू एकदम न सोडता हळूहळू का सोडायचा? फेसाच्या पोटफुगीत नळी घातली तरी जनावर का वाचत नाही? ही उत्तरे शरीराची रचना समजल्याशिवाय मिळत नाहीत. डावीकडे कातडीच्या आत लगेच कोठीपोट असते, उजवीकडे आतडी. वायू भसकन सोडला तर रक्ताभिसरणाला धक्का बसू शकतो. आणि फेसातले बुडबुडे नळीतून निघत नाहीत. तिथे तेल पाजून फेस मोडावा लागतो. तेही जपून, कारण घाईने पाजलेले तेल श्वासनळीत गेले तर न्यूमोनिया ठरलेला. हातातले कसब आणि डोक्यातले ज्ञान यांच्यातला फरक हा असा आहे.

लंडनहून हिंदुस्थानात

१८८२ साली स्टील यांनी लंडनची नोकरी सोडली आणि सैन्याच्या पशुवैद्यक खात्यातून ते हिंदुस्थानात आले. इंग्लंडमध्ये गाय दूध आणि मांस देत होती. इथे बैल हाच शेतीचा कणा होता. नांगर, मोट, मळणी, बाजारची गाडी, सगळे त्याच्या खांद्यावर. बैल मेला की कुणब्याचे ते वर्ष बुडाले. बुळकांडीसारखा साथीचा रोग आला तर गावेच्या गावे जनावरांवाचून ओस पडत.

स्टील यांनी फ्रेडरिक स्मिथ या सहकाऱ्यासोबत हिंदुस्थानातल्या पशुवैद्यकासाठी इंग्रजी त्रैमासिक सुरू केले. दूरदूरच्या छावण्यांत एकटे काम करणाऱ्या डॉक्टरांना आपले अनुभव मांडायला त्यामुळे जागा मिळाली. स्टील यांची पुस्तकेही थांबली नाहीत. १८८५ साली हत्तीच्या रोगांवर, १८८८ साली कुत्र्याच्या, १८९० साली मेंढीच्या आणि त्याच वर्षी उंटाच्या रोगांवर. जे जनावर माणसाच्या कामी येते पण पुस्तकात नीट सापडत नाही, त्याचे पुस्तक लिहायचे, असा त्यांचा क्रमच दिसतो.

१८८५ साली त्यांना ब्रह्मदेशात पाठवण्यात आले. सैन्याची ओझी वाहणारी खेचरे एका तापाने मरत होती. स्टील यांनी रक्त सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले आणि त्यात वळवळणारे परजीवी त्यांना दिसले. पाच वर्षांपूर्वी पंजाबात ग्रिफिथ इव्हान्स यांनी ‘सर्रा’ झालेल्या जनावरांच्या रक्तात असेच जीव पाहिले होते. पण त्या शोधाकडे फारसे कोणी गांभीर्याने पाहत नव्हते. स्टील यांनी त्याला दुजोरा दिला आणि परजीवीला इव्हान्स यांचेच नाव दिले. एक चूकही केली : माणसातल्या उलटणाऱ्या तापाच्या स्पायरोकीट जंतूच्या जातीत त्यांनी तो बसवला. पुढे वर्गीकरण दुरुस्त झाले, नाव मात्र टिकले. ट्रिपॅनोसोमा इव्हान्साय हे आजचे शास्त्रीय नाव त्याचीच आठवण आहे.

परळचे आवार

मुंबईत १८७४ साली जनावरांवरच्या क्रूरतेला प्रतिबंध करणारी संस्था स्थापन झाली होती. त्याच वर्षी शहरात घोड्यांची ट्राम धावू लागली. गिरण्या वाढत होत्या. बंदरातून कापसाच्या गाठी आणि गोदामांतून माल वाहणारे बैल रस्त्यारस्त्यांत दिसत. गल्लीबोळांत गाईम्हशींचे तबेले होते आणि शहराचे दूध त्यांतूनच येत असे. भुलेश्वरकडची पांजरपोळ १८३४पासून थकलेल्या, टाकून दिलेल्या जनावरांना आसरा देत होती. आसरा होता, पण इलाज करणारा दवाखाना नव्हता. गिरणीमालक दिनशा माणेकजी पेटिट यांच्या देणगीतून परळला तो उभा राहिला आणि त्याला त्यांच्या पत्नीचे, साकरबाईंचे, नाव देण्यात आले.

या दवाखान्याला जोडून महाविद्यालय काढण्यात मोठा अर्थ होता. विद्यार्थ्याला फळ्यावरचा बैल दाखवायचा आणि दाराशी आलेला बैलही दाखवायचा. सकाळी वर्गात कोठीपोट शिकवायचे आणि दुपारी पोट फुगलेल्या म्हशीच्या भकाळीवर हात ठेवायला लावायचा. स्टील यांच्याकडे हे घडवायचे काम आले तेव्हा ते एकतीस वर्षांचे होते. सैन्यातला घोड्यांचा डॉक्टर विलायतेहून येत होता. खेड्यातल्या बैलाला मात्र इथलाच डॉक्टर हवा होता, आणि तो परळला तयार व्हायचा होता.

काम सोपे नव्हते. शरीररचना शिकायची तर मेलेले जनावर उघडावेच लागते. मेलेले ढोर ओढण्या-सोलण्याचे काम समाजाने ठरावीक जातींच्या माथी मारले होते आणि त्या कामापायी त्यांना अस्पृश्य ठरवले होते. ‘ढोरांचा डॉक्टर’ हा शब्द मानाचा नव्हता. अशा काळात शिकल्यासवरल्या घरातल्या मुलाने कोपरापर्यंत बाह्या सारून बैलाच्या पोटात हात घालायचा, हे घरच्यांना सांगायलाही धैर्य लागले असणार. इथून तयार झालेले पदवीधर मुंबई इलाख्यात ठिकठिकाणी कामाला लागले, तेव्हा गोठ्यात शिरणाऱ्या शिकलेल्या डॉक्टरची ओळख गावांना नव्याने होत गेली.

हाती काय होते, काय नव्हते

त्या काळातल्या शल्यकर्माकडे आजच्या नजरेने पाहिले तर छाती दडपते. क्लोरोफॉर्म होता, पण भरल्या पोटाच्या बैलाला आडवे पाडून गुंगी देणे धोक्याचे. कोठीपोटातला ऐवज तोंडात येऊन श्वासनळीत जातो आणि आडव्या जनावराचे पोटही फुगते. जागा बधिर करणारे कोकेन डोळ्याच्या शस्त्रक्रियेसाठी १८८४ साली युरोपात नुकतेच वापरात आले होते. जोसेफ लिस्टर यांची कार्बोलिक आम्लाने जंतू मारण्याची पद्धत माणसांच्या रुग्णालयांतही नवी होती. क्ष-किरण १८९५ साली सापडणार होते. प्रतिजैविके आणखी अर्धशतक दूर होती.

तरीही कोठीपोट उघडण्याची शस्त्रक्रिया, जिला डॉक्टर रुमेनोटॉमी म्हणतात, एकोणिसाव्या शतकातल्या पशुवैद्यांना माहीत होती. जनावर धान्याच्या कणगीत तोंड घालून पोटभर दाणे खाते, दाणे आत फुगतात, आंबतात, पोट दगडासारखे होते. अशा वेळी पोट उघडून ऐवज उपसणे हा शेवटचा मार्ग. महाराष्ट्रात हे दृश्य आजही पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी दिसते. वर्षभर राबलेल्या बैलाला प्रेमाने पुरणपोळ्या आणि भात खाऊ घातला जातो. कोठीपोटातल्या सूक्ष्मजीवांना एवढ्या पिठासाखरेची सवय नसते. पोटात आम्ल वाढते आणि बैल मान टाकतो. वर्षाच्या सणाला केलेले लाड असे अंगाशी येतात.

दुसरा शत्रू खिळा. गाय चारा ओठांनी निवडून खात नाही. जिभेने ओढते आणि गिळते. चाऱ्यातली तार, सुई, खिळा जाळीपोटात जाऊन पडतो. जाळीपोट आकसले की टोक भिंतीत घुसते. तिथून छातीचा पडदा आणि त्यापलीकडे हृदयाचे आवरण, अंतर दोन-चार बोटांचे. गाय चारा सोडते, पाठ कमानीसारखी उचलते, उतारावर पाय टाकायला कचरते, कोपरे शरीरापासून दूर धरून उभी राहते. पुढे मानेची शीर फुगते, गळ्याखाली सूज येते. तोवर उशीर झालेला असतो.

आज हीच शस्त्रक्रिया गाय उभी असतानाच होते. डाव्या भकाळीवरचे केस काढून, बधिर करणारे इंजेक्शन देऊन कातडी आणि स्नायू कापतात. कोठीपोटाची भिंत ओढून जखमेच्या कडेला शिवून घेतात, म्हणजे आतली घाण पोटाच्या पोकळीत सांडत नाही. मग भिंत उघडून डॉक्टर हात आत घालतो, चारा उपसतो आणि बोटांनी पोळ्यासारख्या जाळीपोटाचा तळ चाचपतो. खिळा दिसत नाही, हाताला लागतो. शेवटी कडा आत वळवून दोन थरांत टाके. हा हात कुठे जायचा, हे त्याला शरीररचनेच्या वर्गात कळलेले असते. स्टील यांच्या पिढीने नेमका हाच पाया घातला.

स्टील गेल्यानंतर

१८९१ साली स्टील मुंबईतच वारले. महाविद्यालय सुरू होऊन पाच वर्षेही झाली नव्हती. मेंढीचे आणि उंटाचे पुस्तक आदल्याच वर्षी आले होते. लंडनच्या पशुवैद्यकांच्या रॉयल कॉलेजने पुढे त्यांच्या नावाने पदक ठेवले. मुंबईत मात्र त्यांचे नाव महाविद्यालयाच्या बाहेर फारसे कोणाला ठाऊक नाही.

त्यांच्यानंतर शास्त्र खूप पुढे गेले. बुळकांडीचा २०११ साली जगातून नायनाट झाला. मुंबईतली घोड्यांची ट्राम १९०५ साली थांबली, १९४९पासून शहरातले तबेले आरेच्या दुग्ध वसाहतीत हलवले जाऊ लागले. गाईच्या पोटाचे आजारही बदलले. चौथे पोट जागा सोडून डावीकडे सरकण्याचा आजार १९५०च्या सुमारास प्रथम नीट ओळखला गेला. व्यायल्यानंतरच्या काही आठवड्यांत, भरपूर खुराकावर असलेल्या दुधाळ गाईंमध्ये तो दिसतो. बरगडीवर टिचकी मारून स्टेथोस्कोप लावला की भांडे वाजल्यासारखा टणत्कार ऐकू येतो. पोट जागेवर आणून शिवून टाकावे लागते, म्हणजे ते पुन्हा सरकत नाही.

आणि खिळ्याच्या जोडीला प्लास्टिक आले. शहरातली मोकाट गाय भाजीच्या देठांसाठी गाठ मारलेली पिशवीच गिळते. पिशवी पचत नाही, पुढे सरकत नाही, कोठीपोटात तिचे दोरखंडासारखे गुंते होतात. गाय बाहेरून भरल्या पोटाची दिसते आणि आतून उपाशी मरते. पोटातून कित्येक किलो प्लास्टिक काढल्याच्या घटना देशभर घडल्या आहेत. औषधाने हे निघत नाही. कोठीपोट उघडणे एवढाच इलाज. तो झाला तरी गाय पुन्हा त्याच उकिरड्यावर गेली तर सहा महिन्यांत पुन्हा तेच.

म्हणून यातली अर्धी शस्त्रक्रिया गोठ्यातच टाळता येते. चारा कापण्याआधी तारेचे तुकडे वेचावेत. ओला घास देण्यापूर्वी थोडा वाळला चारा घालावा. पोळ्याला पुरणपोळीचा घास द्यावा, ताट नको. ओला कचरा पिशवीत बांधून रस्त्यावर टाकू नये. डावी भकाळी फुगली आणि रवंथ थांबले, तर घरगुती उपायांत तास न घालवता डॉक्टरला बोलवावे. भकाळीत आपल्या हाताने काही खुपसू नये.

परळचे महाविद्यालय आज नागपूरच्या महाराष्ट्र पशु व मत्स्य विज्ञान विद्यापीठाच्या छत्राखाली चालते. घोड्याच्या शास्त्रात बैलाला जागा मिळावी म्हणून एका तरुण शिक्षकाने आयुष्याची शेवटची वर्षे या आवारात घालवली. गिरणगावाने त्याचे नाव लक्षात ठेवले नाही; पण दवाखान्याला नाव देताना बैलाला पुढे ठेवले, हे मात्र अगदी त्याच्या मनासारखे झाले.